मजल्याने ठरवलेला आकडा

मेघना गवसने आयुष्यात जितके प्रश्न विचारले, तितके एखाद्या वकिलानेही विचारले नसतील. लग्नानंतर तिने हे काम धरलं ते साबणापासून. कुठला साबण वापरता, का वापरता, वासाला भुलता की फेसाला. मग चहा आला, टीव्हीवरच्या मालिका आल्या, मच्छरदाण्या आल्या, कर्जं आली. कंपन्या बदलत गेल्या, कागदाचे गठ्ठे जाऊन हातात टॅब आला, पण काम तेच राहिलं. अनोळखी दारात उभं राहायचं, दोन वाक्यांत समोरच्याच्या मनातला संशय घालवायचा आणि तो जे सांगेल ते, आपलं काहीही न मिसळता, उतरवून घ्यायचं.

यातल्या शेवटच्या गोष्टीचा तिला अभिमान होता. तिच्यासोबत कामाला लागलेल्या कितीतरी जणी उन्हाला आणि जिन्यांना कंटाळून घरी बसून फॉर्म भरायला लागल्या, पकडल्या गेल्या आणि बाहेर पडल्या. मेघनाने एकही उत्तर मनाने लिहिलं नव्हतं. नवरा राजेश कधी गमतीने म्हणायचा, "तुला कुणी सांगितलं की सूर्य पश्चिमेला उगवतो, तर तू तसंच लिहिशील." ती म्हणायची, "लिहीन. तो त्याचा सूर्य आहे." कॉटन ग्रीनच्या ज्या गोदामात राजेश होता ते बंद पडल्यापासून त्याला मिळेल ते काम करावं लागे, मुलगी आरोही अजून कॉलेजात होती, आणि घर उभं होतं ते मेघनाच्या या विचारपुशीवर.

गेल्या वर्षी तिला परळच्या एका संशोधन संस्थेचं काम मिळालं. जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत संस्थेचं कार्यालय होतं, आणि अभ्यास होता आजूबाजूच्याच वस्तीचा. गिरणगावातली माणसं बरी जगतायत का, हे शोधायचं होतं. शिक्षण, कमाई, फ्रीज, पंखे, आजारपणं असं सगळं विचारून झालं की शेवटी एक प्रश्न असे. दहा पायऱ्यांची शिडी डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात वर तुम्हाला जगता येईल असं उत्तम आयुष्य, सगळ्यात खाली अगदी वाईट. आज तुम्ही कितव्या पायरीवर आहात?

संस्थेच्या लेखी साऱ्या मुलाखतीचं सार या एका आकड्यात होतं. तिचा पर्यवेक्षक ट्रेव्हर याने प्रशिक्षणात ते फार छान समजावलं होतं. ट्रेव्हर दादरच्या पोर्तुगीज चर्चच्या बाजूला वाढलेला, पस्तिशीचा, अर्थशास्त्रात डॉक्टरेट केलेला आणि मराठी मेघनापेक्षाही झपाट्याने बोलणारा. तो म्हणाला होता की आमच्या शास्त्राने बरीच वर्षं माणसाची खरेदी बघून त्याचं सुख ताडलं. घरात फ्रीज आला म्हणजे माणूस वर सरकला असं धरलं. फ्रीजवाला माणूसही रडू शकतो, हे उशिरा पटलं. म्हणून आता आम्ही माणसालाच विचारतो.

त्याच ट्रेव्हरने एका सोमवारी तिला कार्यालयात बोलावून घेतलं. त्याने पाणी दिलं, खुर्ची पुढे ओढली, आणि तेव्हाच तिच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय.

लालबागच्या एका चाळीचा दुसरा मजला तिने केला होता. त्या मजल्यावरच्या यच्चयावत घरांचं शिडीचं उत्तर सात होतं. वरच्या मजल्यावर तीन, आठ, पाच असे सगळ्या प्रकारचे आकडे, आणि इथे सातच्या पुढे सात, सातच्या खाली सात. संगणकाने त्यावर लाल खूण केली होती. असे आकडे एकाच कारणाने येतात, असं दिल्लीच्या मुख्य कार्यालयाचं म्हणणं होतं: विचारणाऱ्याने ते स्वतःच टाकलेले असतात.

"मी गेले होते, सर," मेघना म्हणाली.

"मला माहितीये. टॅबवर तुमची जागा दिसते. पण दिल्लीवाले म्हणतात, गॅलरीत बसूनही आकडे मनाने टाकता येतात." त्याने आवाज खाली आणला. "मेघनाताई, ते तुमचं नाव काढायला सांगतायत. आणि एकदा काढलं की ते नाव बाकीच्या संस्थांनाही कळवतात. मी शुक्रवारपर्यंत थांबवलंय. तोवर मला काहीतरी समजावून सांगता येईल असं आणा."

ती खाली आली. इतक्या वर्षांत तिने जे केलं नाही, नेमक्या त्याच गोष्टीचा शिक्का तिच्यावर बसणार होता. परळहून लालबागपर्यंत ती चालतच गेली आणि चालता चालता ती दुपार आठवत राहिली. तिला जाईबाई आठवल्या. दुसऱ्या मजल्यावर पहिली मुलाखत त्यांचीच, गॅलरीत बाकड्यावर बसून. शिडीचं विचारल्यावर त्या "तीन" म्हणाल्या होत्या. पलीकडून वैभव नावाच्या तरुणाने, त्याची पाळी नसताना, "आमचे नऊ" असं सांगून टाकलं होतं. मग मजल्याचे कारभारी अण्णा पुढे आले होते. त्यांनी जाईबाईंना म्हटलं होतं, जरा थांबा, आत्ता लिहू नका, विचार करून सांगू. आणि मेघनाला सुचवलं होतं की तोवर वरचा मजला उरकून घ्या. मुलाखत संपेपर्यंत उत्तर बदलायची मुभा असते, म्हणून तिने ऐकलं. परत आली तेव्हा सगळ्यांचं सात झालं होतं. काम भराभर संपतंय याचाच तिला त्या वेळी आनंद झाला होता.

तिने विचारल्यावर अण्णांनी काहीही लपवलं नाही. लपवण्यासारखं त्यात आहे असं त्यांना वाटतही नव्हतं. त्यांच्या मजल्यावर गणपतीची वर्गणी सगळ्या घरांची सारखी असते आणि ती ठरते सगळ्यात ओढगस्तीत असलेल्या घराला झेपेल तेवढी. ज्यांना जास्त द्यायचंय ते फुलांचं बघतात, रोषणाईचं बघतात, पण कुणी कुणाचं नाव घेत नाही. कुठल्याही घरापुढे कमी आकडा लागता कामा नये, हा मजल्याचा रिवाज त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनचा. त्या दुपारी जाईबाई तीन म्हणाल्या आणि शेजारून नऊ आलं, तेव्हा अण्णांच्या मनात आलं: हे कुठेतरी लिहिलं जाणार, कायमचं. म्हणून मेघना वर गेल्यावर सगळे गॅलरीत जमले आणि वर्गणी ठरवतात तसा आकडा ठरवला.

तो ठरवताना म्हणे बरीच वादावादी झाली. कुणी म्हणालं पाच सांगू, तर दुसऱ्याचं म्हणणं, पाच म्हणजे रडगाणं गायल्यासारखं दिसतं. आठ म्हटलं तर सरकार म्हणेल, यांचं बरं चाललंय, चाळीचा पुनर्विकास कशाला हवा? चार म्हटलं तर पोराबाळांची लग्नं जमताना कुणी हा कागद बाहेर काढला तर? शेवटी सातावर सगळ्यांचं एकमत झालं. अब्रूही राहते आणि गरजही दिसते.

मेघनाला हसावं की कपाळ बडवून घ्यावं ते कळेना. ती स्वतः काळाचौकीच्या चाळीत वाढलेली. हे तिला त्याच वेळी कळायला हवं होतं.

तिने हे सगळं ट्रेव्हरला जसंच्या तसं सांगितलं. तो आधी इतका हसला की पलीकडच्या टेबलावरची माणसं मान वर करून बघू लागली. मग चष्मा काढून पुसत बसला.

"तुमच्यावर माझा विश्वास आहे," तो म्हणाला. "पण हे मी दिल्लीला कसं सांगू? स्वतःचं बरंवाईट ज्याचं त्याला कळतं, यावर सगळी इमारत उभी आहे. प्रत्येकाचं उत्तर त्याचं एकट्याचं हवं."

"आणि शेजाऱ्याचं बरंवाईट शेजाऱ्याला कळत नाही, सर?"

"कळत असेल. मोजता येत नाही. वैभवने स्वतःचे दोन सोडले आणि जाईबाईंना चार दिले, हे मी कुठल्या रकान्यात लिहू? त्याचे दोन आणि त्यांचे चार एकाच मापाचे आहेत, हे तरी कुणी ठरवलं?" त्याने चष्मा परत चढवला. "खरं सांगू का, आमच्यातसुद्धा यावर भांडणं आहेत. जुनी. मिटलेली नाहीत. पण भांडण मिटेपर्यंत अभ्यास थांबत नाहीत ना."

तोडगा एकच होता. तो मजला पुन्हा करायचा, एकेकाला एकट्याने विचारून. ट्रेव्हरने हेही स्पष्ट सांगितलं की पुन्हा सगळे सात आले, तर त्याच्या हातात काही राहणार नाही.

बुधवारी ती परत गेली. खरं कारण लपवायचं नाही असं तिने ठरवलं होतं. तिने गॅलरीत सगळ्यांसमोर सांगितलं की तुमच्या सातांमुळे माझ्यावर खोटेपणाचा ठपका आलाय, काम जायची वेळ आलीय, तेव्हा आता प्रत्येकाने आपापलं सांगा.

मजला हळहळला. आपल्यामुळे एका बाईचं काम जातंय, हे कुणालाच सोसेना. अण्णांनी लगेच बैठक भरवली, आणि पुढची काही मिनिटं मेघना नुसती बघत राहिली. कारण ती माणसं तिला वाचवण्यासाठी वेगवेगळे आकडे आपसात वाटून घ्यायला लागली. मी चार घेतो, तू आठ घे. कोपऱ्यातल्या खोलीला सहा द्या, त्यांच्याकडे पाहुणे आहेत. वैभवच्या बायकोने सांगितलं, आम्हाला नऊ नको, सासूबाई गावी वाचतील. कुणीतरी दोन घ्यायला हवं होतं आणि कुणी तयार होईना, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "द्या मला. माझं आता कोण बघतंय?" त्यावर सगळे हसले.

आकडे झकास विखुरले होते. मेघनाला कळत होतं की हे टॅबवर भरले तर संगणक चकार शब्द काढणार नाही. त्याला नुसता सारखेपणा खुपतो. तिचं नाव राहील, मजल्याच्या मनाला लागणार नाही, ट्रेव्हर सुटेल, दिल्ली खूश होईल. तोटा कुणाचाच नव्हता. शोधून पाहिला तरी सापडला नाही. तिने टॅब उघडलासुद्धा.

"काय ताई, घ्या लिहून," अण्णा म्हणाले.

"नको, अण्णा. हे लिहिलं तर जे मी केलं नाही म्हणून भांडतेय, तेच केल्यासारखं होईल."

"काम जाईल तुमचं."

"गेलं तर जाईल. पण मग निदान खोटं बोलून तरी गेलं नसेल." तिने टॅब बंद केला. "मला एक खोली द्या. एकेकाने आत यायचं. दार लावून."

दार लावून म्हणजे मजल्याला अवघड होतं. त्या चाळीत दिवसाढवळ्या दार लागतं ते भांडण असेल तर, नाहीतर घरात काही वाईट झालं असेल तर. शेवटी अण्णांनी आपली खोली दिली. पुढच्या खोलीत खाट, एक स्टूल आणि खिडकीतल्या कुंडीत तुळस. मेघना स्टुलावर बसली.

पहिल्या जाईबाई आल्या. दार लागल्यावर त्यांनी दोनदा वळून कडीकडे पाहिलं. मेघनाने शिडीचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून वाचला, जसा तो वाचायचा असतो.

"सात," जाईबाई म्हणाल्या.

मेघनाने टॅब मांडीवर ठेवला. बाहेरचं कुणी ऐकत नाही, इथे सात म्हणायची गरज नाही, त्या दिवशी तुम्ही तीन म्हणाला होतात, असं तिने समजावलं. एवढं बोलणं नियमात बसत नव्हतं, पण तिने ते बोलून टाकलं.

"अगो, माका आठवता," जाईबाई म्हणाल्या. "तीनच होते तेव्हा. गुडघे हे असे, मुलगा तिकडे विरारला, सणाला येतो तो घड्याळाकडे बघत. तीन म्हटलं. मग ही सगळी जमली. तो वैभव, त्याचं नवं लग्न, नऊवरून खाली आला. कशाला? माझा आकडा कमी दिसू नये म्हणून. माझ्यासाठी इतकी माणसं आपापल्या पायरीवरून उतरली गो. आता मी तीनावर कशी बसू? सात म्हणजे सातच. लिही."

मेघनाने सात लिहिलं. लिहिताना तिला ठाऊक होतं की पडद्यावर हा सात त्या जुन्या सातासारखाच दिसेल, आणि दिल्लीत बसलेल्या माणसाला या दोहोंतला फरक दाखवायला जागाच नाही. मोजायला गेल्यामुळेच जे मोजायचं होतं ते बदललं होतं.

सुदैवाने बाकीचे वेगवेगळे निघाले. वैभव सहा म्हणाला. नऊ म्हटलं तेव्हा बायको शेजारी उभी होती, असं त्याने खाली बघत कबूल केलं. त्याची बायको आठ म्हणाली. दोन घेणारे ते म्हातारे गृहस्थ आत येऊन नऊ म्हणाले, आणि का म्हणून विचारायची सोय प्रश्नावलीत नव्हती. काहींनी एकट्यानेही सातच सांगितलं. दार लागलेलं असलं की माणसं आकड्याच्या आधी बराच वेळ बोलतात, हे मेघनाला इतक्या वर्षांत प्रथमच कळलं.

शेवटी अण्णा आले. स्वतःच्याच खोलीत ते पाहुण्यासारखे खाटेच्या कडेवर बसले.

"चार," ते म्हणाले.

मेघनाने मान वर केली. सातावर सगळ्यांना जमवणारा माणूस हाच होता.

"डोळे जातायत," अण्णा म्हणाले. "काचबिंदू. समोरचंही धूसर, बाजूचं तर काळं. वाचता तर येतच नाही. इथे अजून कुणाला बोललो नाही. चाळीचे सगळे कागद माझ्याकडे असतात, ताई. कळलं तर बिचारे उद्यापासून मलाच जपायला लागतील. मग मजल्याचं कोण बघणार?" मग ते म्हणाले, "मला हा प्रश्न एकट्याने आजवर कुणी विचारला नव्हता. गॅलरीत विचारला असतात, तर मी आठ म्हणालो असतो, आणि मला ते खरंही वाटलं असतं."

मेघनाने चार लिहिलं आणि टॅब बंद केला. दार उघडलं तेव्हा बाहेरची माणसं उगीचच एकमेकांशी मोठ्याने बोलू लागली. कुणी कुणाला काय सांगितलं असं विचारलं नाही.

तिने सगळी हकिगत लिहून ट्रेव्हरला दिली. आकडे वाटून घेतले गेले तेसुद्धा, जाईबाईंना तिने पहिल्या तीनाची आठवण करून दिली तेसुद्धा. अण्णांच्या डोळ्यांचं मात्र लिहिलं नाही, कारण ते उत्तर नव्हतं. ट्रेव्हर बराच वेळ वाचत राहिला. मजल्याने वाटून घेतलेले आकडे तिने गुपचूप भरले असते, तर त्याला कधीच कळलं नसतं, असं तो म्हणाला. त्याने दिल्लीला लांबलचक फोन केला.

शुक्रवारी निकाल आला. मेघनाचं नाव राहणार होतं. पुढच्या महिन्यात वरळी कोळीवाड्याचं काम सुरू होत होतं, तेही तिच्याकडेच. पण लालबागचा तो दुसरा मजला अभ्यासातून वगळला होता. आपसात ठरवलेली आणि पुन्हा विचारलेली उत्तरं धरता येत नाहीत, असा नियम होता. ट्रेव्हरने हे सांगताना तिच्याकडे बघायचं टाळलं. "नियम चुकीचा नाहीये," तो म्हणाला. "मीही हेच केलं असतं. फक्त मला त्याचं बरं वाटत नाहीये." अहवालात तो मजला कुठेही नसणार होता, ना सात, ना चार.

घरी जायच्या आधी ती लालबागला उतरली. अण्णा गॅलरीत बाकड्यावर बसले होते. तिने त्यांना निकाल सांगितला. तुमचं काही धरलं नाही, असं सांगताना तिला अपराध्यासारखं वाटत होतं.

"आणि तुमचं?" अण्णांनी विचारलं.

"माझं काम राहिलं."

"मग झालं की. त्याच्यासाठीच तर बसलो होतो." त्यांनी जाईबाईंच्या दाराकडे तोंड करून ही बातमी ओरडून सांगितली आणि मजल्यावरून दोन-तीन आवाज आले, बरं झालं, बरं झालं.

मेघना निघाली तशी अण्णा तिला पोचवायला जिन्यापर्यंत आले, एक हात कठड्यावर ठेवून. खालच्या पायरीवर ती थांबली तेव्हा त्यांनी मागे कुणी नाही हे पाहिलं.

"ताई, पुनर्विकासाचे कागद आलेत. जाडजूड. सह्या करायच्या आहेत, आणि काय लिहिलंय ते मला दिसत नाही. इथल्या कुणाकडून वाचून घेतले तर सगळंच कळेल." ते अडखळले. "तुम्ही वाचून दाखवाल? दार लावून बसू."

ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांच्या घरी पुन्हा जायचं नाही, त्यांच्या कामात पडायचं नाही, हा मेघनाच्या धंद्यातला कडक नियम होता आणि तिने तो कधी मोडला नव्हता. पण हा मजला आता कुठल्याच अभ्यासात नव्हता.

"रविवारी येते," ती म्हणाली. "सकाळीच येते, म्हणजे उजेडात नीट वाचता येईल."